शेततळ्यावर रॉड पाण्यात गेला: स्क्रू कुठला लावू आणि गाठ कशी बांधू?

मल्हारगंजकर (रविवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. आज जे झालं ते डोळ्यासमोरून हलत नाहीये, म्हणून झोपण्याआधी लिहून काढतो. जाणकारांनी मदत करावी.

आमच्या इंदुरात रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) झाली, पाणी जरा कोमट व्हायला लागलं, म्हणून आज पहाटे देपालपूरकडे मित्राच्या शेतावर गेलो होतो. त्याच्या शेततळ्यात तीन वर्षांपूर्वी सोडलेले रोहू, कटला आणि मृगळ आहेत. बसायला मी गेल्या दिवाळीत एक बाक बनवला होता, स्वयंपाकघराच्या कामातून उरलेल्या १९ मिमी प्लायचा. त्याच्याच कडेला पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवून रॉड खोचायची सोय केली. पाइप धरायला पत्र्याची पट्टी आणि पट्टीला दोन काळे स्क्रू, २५ मिमीचे, एकमेकांपासून आठेक सेंटिमीटरवर. घरात डबाभर पडले होते, तेच लावले.

सव्वानऊला रॉड कमानीसारखा वाकला. मी थर्मासचं झाकण लावत होतो. हात पुढे करेपर्यंत 'टक्' असा आवाज आला आणि पाइप, पट्टी, रॉड, रीळ सगळं पाण्यात. ते रीळ माझ्या वडिलांचं. बडवाहला नोकरीला असताना त्यांनी घेतलेलं. मित्राने दुसऱ्या दोरीला मोठा गळ आणि शिसं बांधून तळ खरवडला, तेव्हा कुठे दीड तासाने रॉड वर आला. रीळ शाबूत आहे. उघडून, पुसून, तेल घालून ठेवलंय. मासा मात्र तोंडात माझा गळ घेऊन गेला. ते फार खुपतंय.

घरी येऊन सगळे तुकडे नीट पाहिले. वरचा स्क्रू डोक्याखाली तुटलाय, वाकल्याची खूणसुद्धा नाही. खालचा अख्खा उपसून आलाय, त्याच्या आट्यांत प्लायचा भुसा अडकलाय. आणि दोरीचं टोक सरळ तुटलेलं नाही, स्प्रिंगसारखं वेटोळं झालंय.

स्क्रू कुठला लावायला हवा होता? आणि दोरीचं ते टोक असं का झालं?

---

सुतारपक्षी (रविवार, रात्री ११:१५)

दादा, रीळ परत मिळालं हे वाचून बरं वाटलं. वस्तू दुसरी आणता येते, वडिलांच्या हातची नाही आणता येत.

माझं फर्निचरचं काम आहे, बाणगंगेला छोटा कारखाना आहे. तुमचे ते काळे स्क्रू जिप्समचे. घरात फॉल्स सीलिंगचं काम झालं की डबाभर उरतात आणि मग माणूस ते सगळीकडे लावतो. माझ्याकडच्या पोरांना हे मी दर महिन्याला सांगतो. तो स्क्रू बनवलाय जिप्समची पाटी पातळ पत्र्याच्या चौकटीला धरून ठेवायला. टोक पत्र्यात घुसावं म्हणून तो खूप कडक केलेला असतो, आणि कडक लोखंड वाकत नाही, थेट तुटतं. साधा लाकडाचा स्क्रू आधी वाकतो, करकरतो, तुम्हाला हाक मारतो. हा हाक मारत नाही. वरचा काळा थर फॉस्फेटचा, तो घराच्या आत ठीक. उघड्यावर एक पावसाळाही काढत नाही.

दुसरी चूक जास्त मोठी आहे. तुम्ही स्क्रू प्लायच्या कडेत मारलाय. प्लाय म्हणजे पापुद्र्यांवर पापुद्रे. वरून मारलेला स्क्रू सगळ्या थरांना आडवा पकडतो. कडेतून मारला की तो दोन थरांच्या मधे पाचरीसारखा शिरतो आणि त्यांनाच वेगळं करतो. खालचा स्क्रू भुसा घेऊन बाहेर आला तो त्यामुळेच.

कडेत मारायची वेळ आलीच तर आधी बारीक भोक पाडा, स्क्रू लांब घ्या आणि दोन्ही बाजूंनी शिकंजा आवळून मगच फिरवा. पण जिथे ओढ पडणार आहे तिथे कडेचा विचारच करू नका.

---

मल्हारगंजकर (रविवार, रात्री ११:३२)

बारीक भोक म्हणजे किती बारीक? मी तर भोक न पाडताच ड्रिलने मारले होते.

---

सुतारपक्षी (रविवार, रात्री ११:५०)

८ नंबरचा स्क्रू घ्या. तो आट्यांवर मोजला तर साधारण ४.२ मिमी भरतो. सागवान, बाभूळ असं कडक लाकूड असेल तर ३ मिमीचं भोक, प्लाय किंवा पाइनला २.५ पुरे. स्क्रूच्या मधल्या दांडीएवढी जागा मोकळी करायची, आटे लाकडात रुतले पाहिजेत. ६ नंबर साडेतीन मिमी, १० नंबर ४.८, त्या हिशोबाने भोक कमीजास्त करा.

वरच्या फळीत भोक मात्र सैल हवं, स्क्रू त्यातून आरपार सरकला पाहिजे. हे बरेच जण करत नाहीत. मग दोन्ही फळ्यांत आटे धरतात आणि मधे फट राहते. कितीही आवळा, ती फट मिटत नाही. लांबीचं गणित सोपं आहे: एक हिस्सा वरच्या फळीत, दोन हिस्से खालच्या.

पितळी स्क्रू लावायचा असेल तर आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू फिरवून आटे पाडून घ्या, काढा, मग पितळी घाला. पितळ मऊ असतं, कडक सागवानात त्याचं डोकं पिळून निघतं. आट्यांना मेण किंवा कोरडा साबण चोळलात तर हातालाही आराम.

---

पाना_नंबर_दहा (सोमवार, सकाळी ७:०५)

मल्हारगंजकर, पीथमपूरला एकतीस वर्षं असेंब्लीच्या लाइनवर काढली, म्हणून चार आकडे मांडतो. सुतारपक्षींचं सगळं बरोबर आहे, पण तुमच्या रचनेत कुठलाही स्क्रू टिकला नसता.

रॉड म्हणजे तरफ. आठ फुटी रॉड वाकल्यावर टोकापासून पट्टीपर्यंतचं अंतर दीड मीटर धरू. माशाने टोकाला २ किलोची ओढ दिली, की पट्टीपाशी ३ किलो-मीटरचा पीळ झाला. तो पीळ तुमचे दोन स्क्रू पेलणार, आणि त्यांच्यात अंतर ८ सेंटिमीटर. ३ भागिले ०.०८ म्हणजे साडेसदतीस किलो. मासा ओढतोय २ किलोने आणि वरच्या स्क्रूला वाटतंय की सिमेंटची पाऊण पोती लटकली आहे. ओढ ४ किलोची झाली तर पंचाहत्तर किलो, तेही झटक्याने.

आता तेच दोन बिंदू २० सेंटिमीटरवर न्या. २ किलोच्या ओढीला फक्त १५ किलो येतात. स्क्रू न बदलता नुसतं अंतर वाढवून भार निम्म्याहून खाली आला. म्हणून आधी पट्टी लांब करा.

मग स्क्रू सोडा आणि आरपार बोल्ट घ्या. एम ६ (म्हणजे ६ मिमी जाडीचा) स्टेनलेस, प्लायच्या सपाट बाजूतून घातलेला, मागे मोठा वायसर आणि नायलॉन रिंगचा नट. बोल्टच्या डोक्यावर ए२-७० लिहिलेलं बघून घ्या. ए२ म्हणजे ३०४ जातीचं स्टेनलेस, ७० म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ७०० न्यूटनपर्यंत ताण. एम ६ च्या आट्यांपाशी साधारण २० चौरस मिमी जागा असते, म्हणजे तुटायला १४०० किलोच्या आसपास लागतील. बोल्टची काळजी मिटली. हरणार असेल तर प्लाय हरेल, म्हणून वायसर मोठा. साधा वायसर १२ मिमीचा येतो, तुम्ही २५ किंवा ३० मिमीचा मागा.

नायलॉन रिंगचा नट तीन-चारदा काढघाल केला की रिंग झिजते आणि पकड जाते. हाताने सहज फिरायला लागला की बदला.

---

तिलकनगर_७७ (सोमवार, सकाळी ८:२०)

स्टेनलेसवर इतका भरवसा ठेवू नका असं माझं मत. मी गच्चीवरच्या जाळीला स्टेनलेस म्हणून घेतलेले स्क्रू दोन वर्षांत तांबूस झाले. दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवलं होतं, चिकटलं नव्हतं.

---

पाना_नंबर_दहा (सोमवार, सकाळी ९:४०)

तिलकनगर, तुमचा अनुभव खरा आहे, पण दोष चुंबकाच्या परीक्षेचा. बाजारात २०० मालिकेचं स्टेनलेस भरपूर येतं. त्यात महाग निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं. त्यालाही चुंबक चिकटत नाही, पण ओलाव्यात ते ३०४ इतकं टिकत नाही. उलट अस्सल ३०४ चा बोल्ट थंड ठोकून घडवलेला असला तर डोक्यापाशी थोडासा चिकटतो. तेव्हा चुंबकाने काहीच ठरत नाही. डोक्यावरचा शिक्का आणि ओळखीचं दुकान, एवढंच हातात आहे.

गोड्या पाण्याला ३०४ पुरे. ३१६ समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी, इंदुरात त्यावर पैसे घालू नका.

आणि एक राहिलं. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचा नट मशीनने भरभर चढवू नका. घर्षणाने दोन्हींचे आटे एकमेकांत रुतून बसतात, मग तो ना पुढे जातो ना मागे, करवतीनेच कापावा लागतो. आट्यांना थोडं ग्रीस लावून हाताच्या पान्याने सावकाश आवळा.

---

मंडलेश्वरकर (सोमवार, दुपारी २:१०)

स्क्रूचं उत्तर मिळालं, आता दोरीचं सांगतो. माझं बालपण मंडलेश्वरच्या घाटावर गेलं, नोकरीसाठी इंदुरात आलो, पण हात अजून पाण्यातच आहे.

मल्हारगंजकर, ते स्प्रिंगसारखं टोक फार बोलकं आहे. दोरी जोराने तुटली की टोक आखूड आणि बोथट असतं. खडकाला घासून तुटली तर टोकाआधी हातभर खरखरीत लागते. वेटोळी पडली म्हणजे दोरी तुटलीच नाही, गाठ घसरत घसरत सुटली. वळसे एकेक करून उलगडले आणि त्यांचा पीळ दोरीत राहिला. तुमचा मासा गाठीतून गेला.

गाठ अशी बांधा. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवा, टोक मूळ दोरीभोवती सहा वेळा गुंडाळा, मग ते टोक नेढ्याजवळच्या पहिल्या छोट्या फासातून काढा, आणि त्यामुळे जो मोठा फास तयार झाला त्यातूनही परत काढा. आता न विसरता करायची गोष्ट: आवळण्याआधी गाठ ओली करा. तोंडात धरून थुंकीने ओली केली तरी चालते, फक्त त्या टोकाला शिसं नसावं. कोरडी नायलॉन दोरी आवळताना घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. हळूहळू ओढा, वळसे एकमेकांना चिकटून नीट बसलेले दिसले पाहिजेत. एकावर एक चढले असतील तर कापून पुन्हा बांधा. टोक अगदी गाठीला टेकवून कापू नका, तीन-चार मिलिमीटर ठेवा.

विणलेली दोरी वापरत असाल तर ही गाठ नको, ती गुळगुळीत असते, घसरते. तिथे दोरी दुहेरी करून नेढ्यातून काढायची, त्या दुहेरी दोरीची साधी गाठ मारायची आणि उरलेल्या फासातून गळ ओढून घ्यायचा. दिसायला ओबडधोबड, पण धरते पक्की.

आता खरा प्रश्न विचारतो. रिळाचा ब्रेक किती आवळला होता?

---

मल्हारगंजकर (सोमवार, दुपारी ३:००)

पूर्ण. मासा सुटू नये म्हणून.

---

मंडलेश्वरकर (सोमवार, दुपारी ३:४५)

मग स्क्रू, पट्टी, गाठ, सगळं त्यापुढचं. ब्रेक बंद असल्यावर माशाची सगळी ओढ दोरीतून रॉडवर, रॉडवरून पट्टीवर आली. पानावाल्या काकांनी जो ४ किलोचा हिशोब केला तो तुमच्या बंद ब्रेकमुळे लागू झाला. ब्रेक सोडलेला असता तर रिळाने करकर आवाज करत दोरी दिली असती, तुम्ही थर्मास ठेवून उठला असता आणि रॉड जागेवर सापडला असता.

तुमच्या रिळावर ६ किलोची दोरी असेल तर ब्रेक दीड ते दोन किलोवर सुटला पाहिजे. दोरीच्या ताकदीचा चौथा ते तिसरा हिस्सा. अंदाजाने नको, घरात गॅसची टाकी किंवा रद्दी मोजायचा स्प्रिंग काटा असतो ना, त्याला दोरी बांधा, रॉड हातात नेहमीसारखा धरा आणि मागे ओढा. काटा पावणेदोनवर असताना रीळ फिरायला लागलं की झालं. आणि रात्री घरी आल्यावर ब्रेक पूर्ण ढिला करून ठेवा. आतल्या चकत्या दाबून राहिल्या की एकमेकींना चिकटतात आणि पहिला झटका जड जातो.

रॉड खोचून ठेवून मासेमारी करणाऱ्याने तर ब्रेक अजून हलका ठेवावा. मासा लागल्यावर हातात घेऊन वाढवता येतो.

---

रामबागची_सून (सोमवार, सायंकाळी ५:२०)

मासे आमच्या घरात कोणी खात नाही, पण स्क्रूचं वाचता वाचता अडकले. मध्येच विचारते, राग मानू नका. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार लोंबायला लागलंय. बिजागरीचे स्क्रू नुसतेच फिरतात, आवळतच नाहीत. सुतार म्हणतो, अख्खी बाजू बदला. खरंच बदलावी लागेल का?

---

सुतारपक्षी (सोमवार, सायंकाळी ६:०५)

ताई, राग कसला. कपाट भुशाच्या पाटीचं असणार. त्यात एकदा आटे मोडले की त्याच भोकात स्क्रू धरत नाही. बाजू बदलायची काही गरज नाही. स्क्रू काढा, भोकात फेविकॉल भरा, गुल काढलेल्या आगकाड्या दोन-तीन घट्ट ठोका आणि वर निघालेलं कापून टाका. पूर्ण रात्र वाळू द्या. घाईने संध्याकाळीच स्क्रू मारला तर सगळी मेहनत वाया जाते. सकाळी मधोमध २ मिमीचं भोक पाडून जुनाच स्क्रू हाताने फिरवा, मशीनने नको. दार तोपर्यंत उतरवून ठेवा, बिजागरीवर लोंबत राहिलं तर जागा पुन्हा सैल होईल.

भिंतीत असं झालं असेल तर वेगळा उपाय. तिथे गिट्टी (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवतात तो तुकडा) मोठ्या मापाची घालायची.

---

मल्हारगंजकर (बुधवार, रात्री ९:३०)

सियागंजला जाऊन आलो. एक घोटाळा झाला, तो लिहितो म्हणजे दुसऱ्याचा होणार नाही.

मी म्हटलं सहा एमएमचे बोल्ट द्या. काउंटरवरच्या मुलाने 'दो सूत का' म्हणून काढून दिले. नट शेजारच्या डब्यातून. घरी येऊन बघतो तर नट दोन आटे चढतो आणि अडतो. जोर लावला तर चढेल असं वाटलं, पण थांबलो.

---

पाना_नंबर_दहा (बुधवार, रात्री १०:००)

थांबलात ते फार चांगलं केलंत. आठ सूत म्हणजे एक इंच. दोन सूत म्हणजे पाव इंच, ६.३५ मिमी. त्यावर इंची आटे असतात, इंचाला २०, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिमी अंतर. एम ६ चे आटे बरोबर १ मिमीवर. जोर लावून चढवला असता तर दोघांचेही आटे मोडले असते आणि वरून ते घट्ट बसल्यासारखे वाटले असते.

अडीच सुती आणि एम ८ ची जोडी तर याहून फसवी. ७.९४ आणि ८, हाताला फरक कळतच नाही.

जुन्या इंदुरात सगळं काम सुतावर चालायचं, माझ्या वडिलांच्या पेटीत सगळे पाने सुताचेच होते. त्यामुळे आजही जुन्या दुकानात मिमी म्हटलं तरी कानावर सूतच पडतं. उपाय एकच: काउंटरवरच नट बोल्टच्या टोकापर्यंत हाताने फिरवून बघा. बोटांनी शेवटपर्यंत गेला तर जोडी बरोबर. (नायलॉन रिंगचा नट रिंगपाशी अडेल, तो उलटा करून तपासा.)

---

चिमणबागकर (गुरुवार, सकाळी ६:५०)

तुम्हा सगळ्यांचं लोखंड वाचून झालं, आता आमिषाचं कोणी बोलतच नाही! सत्तरी ओलांडली आहे, चाळीस वर्षं काठावर बसलोय, तेव्हा माझाही घास घाला यात.

शेततळ्यात तिन्ही मासे असले तरी तिघांची पंगत वेगवेगळ्या उंचीवर बसते. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात खातो. रोहूचे ओठ झालरीचे, जरा खाली वळलेले, तो मधल्या पाण्यात. मृगळ, ज्याला इथे हिंदीत नरेन म्हणतात, तो तळाशी चिखलात. एकाच खोलीवर गळ सोडून तिघांची वाट बघत बसलात तर दिवस जाईल. आधी गळाला शिशाचा तुकडा अडकवून पाण्यात सोडा आणि दोरीवरचं तरंगणारं बूच वरखाली करत तळ मोजा. बूच पाण्याच्या रेषेवर आलं की तेवढी खोली. मृगळासाठी तिथेच ठेवा, रोहूसाठी मधोमध, कटल्यासाठी हातभर खाली पुरे.

आमिष: दोन मुठी कणीक, एक मूठ भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, अर्धी मूठ शेंगदाण्याची किंवा मोहरीची पेंड बारीक करून. पाणी अगदी थोडं. पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायचं. त्यात चिमूटभर कापूस पिंजून मिसळा, गोळी गळावर टिकते. काठाशी गोळी पाण्यात टाकून बघा, दहा मिनिटांत विरघळली तर कणीक वाढवा, अर्ध्या तासानेही तशीच तर पेंड. कटल्यासाठी मात्र मऊ, ढगासारखी विरघळणारी गोळी हवी, कारण तो पाण्यातलं बारीकसारीक गाळून खाणारा. त्याच्यासाठी कापूस नको.

बसल्यावर भिजवलेला कोंडा आणि पेंड दोन-तीन मुठी एकाच ठिकाणी टाका, मग अर्ध्या तासाने अर्धी मूठ. जागा बदलत राहू नका. वारा ज्या काठाकडे वाहतोय तो काठ निवडा, तरंगणारं अन्न तिकडे जमतं.

गळाचे नंबर नव्या मुलांना उलटे वाटतात. ६ नंबर लहान, ४ त्याहून मोठा, १ अजून मोठा, आणि पुढे १/०, २/० असे वाढत जातात. रोहूला ६ किंवा ४. कटल्याचं तोंड मोठं, त्याला २ किंवा १. टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मासा सोडायचा असेल तर त्याला इजा कमी होते, आणि आपल्या बोटात रुतला तरी सहज निघतो. मल्हारगंजकर, असा गळ घेऊन मासा पळाला तरी तो त्याच्या तोंडातून लवकर निघतो. तुम्हाला जे खुपतंय, त्यावर हाच उपाय.

सकाळी लवकर पोचलात आणि मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर गळ टाकू नका. रात्रभर पाण्यातल्या शेवाळ्यानेही श्वास घेतलेला असतो, पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी. ते भुकेने वर आलेले नसतात, गुदमरत असतात. मालकाला उठवा आणि पंप चालू करून पाणी उडवायला सांगा.

---

मंडलेश्वरकर (गुरुवार, सकाळी ९:१५)

काका, नमस्कार. 'पंगत' मनात राहिली. दोन गोष्टी जोडतो, दोन्ही जिवावरच्या.

शेततळ्यावर वरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो. तारेला टेकायचीही गरज नाही, उच्च दाबाच्या तारेजवळ नेला तरी पुरे. बसण्याआधी मान वर करून बघा आणि रॉड जोडलेला हातात घेऊन तारेखालून चालू नका.

दुसरं, शिशाचे बारीक मणी दोरीवर दाताने दाबू नका. आम्ही लहानपणी सगळे तेच करायचो. शिसं विषारी आहे. पक्कड ठेवा, आणि मुलांच्या हातात तर ते मणी देऊच नका.

---

तिलकनगर_७७ (गुरुवार, दुपारी १:३०)

नर्मदेवर महसीर मिळतो का हो अजून? आजोबा सांगायचे.

---

मंडलेश्वरकर (गुरुवार, रात्री ८:४०)

याचं उत्तर देताना जीव जड होतो. लहानपणी घाटावर कणकेच्या गोळ्या टाकल्या की खवल्यांचं सोनं चमकायचं पाण्यात. महसीरला अंडी घालायला वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो, आणि त्यासाठी तो प्रवाहाच्या उलट वर जातो. धरणांनी पाणी थांबलं, वाळू उपसली गेली, गोट्यांवर गाळ बसला. त्याच्या बाळंतपणाची खोलीच गेली. मध्य प्रदेश सरकारने २०११ मध्ये त्याला राज्याचा मासा ठरवलं. बडवाह वन विभागाने त्याची कृत्रिम पैदास करायचं कामही केलं. चोरल नदी बडवाहजवळच नर्मदेला मिळते, अशा लहान नद्या वाहत्या राहिल्या तरच त्याला जागा आहे.

तुमच्या गळाला कधी लागलाच तर पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा आणि जाऊ द्या. हात ओले करून धरा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते.

आणि १६ जून ते १५ ऑगस्ट नदीवर गळ टाकायचा नाही. माशांच्या विणीचा काळ आहे, राज्यात बंदी असते. नदीशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांना ती लागू नाही. इंदूरचे सिरपूर आणि यशवंत सागर तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आले, तिथे गळ नको, दुर्बीण घेऊन जा. आणि कुठेही गेलात तरी कापलेली दोरी खिशात घालून घरी आणा. बगळ्याच्या पायात गुंतलेली नायलॉन दोरी मी या हातांनी सोडवली आहे. पाय काळा पडला होता.

---

रामबागची_सून (शुक्रवार, सकाळी ११:००)

सुतारपक्षी दादा, दार बसलं! आगकाड्यांनी. सासूबाईंनी चार वेळा उघडून बंद करून पाहिलं. मनापासून आभार.

---

मल्हारगंजकर (रविवार, रात्री ९:१०)

परत जाऊन आलो. सगळं सांगतो.

पट्टी नवी केली, ३ मिमी जाडीची, २४ सेंटिमीटर लांब. भोकं २० सेंटिमीटरवर. बोल्ट प्लायच्या सपाट बाजूतून आरपार, एम ६, डोक्यावर ए२-७० वाचून घेतलेले, नट काउंटरवर फिरवून घेतलेले. मागे २५ मिमीचे वायसर. घरी गच्चीवर बाकावर मुलाला बसवलं, रॉड खोचला, टोकाला स्प्रिंग काटा. ब्रेक १ किलो ६०० वर सुटतो. तेव्हा पट्टी हललीसुद्धा नाही.

गाठ अकरा वेळा बांधली. पहिल्या चार कापून टाकल्या, वळसे एकमेकांवर चढत होते. ओली करून सावकाश ओढली की खरंच ते वळसे एका ओळीत बसतात, मण्यांसारखे. बघून समाधान होतं.

आज शेततळ्यावर काकांच्या मापाने तळ मोजला, साडेसात फूट. चार फुटांवर गोळी ठेवली. सात चाळीसला रीळ करकरलं. मी उठलो, रॉड हातात घेतला, आणि पहिल्यांदाच मला माशाची चाल हाताला कळली. तो धावला की रीळ दोरी देत होतं, थांबला की मी घेत होतो. सहा-सात मिनिटांनी रोहू काठाला आला. दोन किलोच्या वर असेल, वजन केलं नाही. काटा दाबलेला होता म्हणून गळ बोटांनीच निघाला. हात ओले करून सोडला. मित्र म्हणाला, अरे घरी ने की. पण आज नाही न्यावासा वाटला.

एकच शंका राहिली. परत येऊन बोल्ट बघितले तेव्हा वरच्या बोल्टचा मागचा वायसर प्लायमध्ये किंचित रुतलेला दिसला, अर्धा मिलिमीटर असेल. नट पाव फेरा ढिला झालाय. हे चालेल का?

---

पाना_नंबर_दहा (रविवार, रात्री ९:३५)

आता चालेल, पावसाळ्यात नाही चालणार. प्लाय ओलं होऊन मऊ पडलं की वायसर अजून आत जाईल. मागच्या बाजूलाही पुढच्यासारखीच पट्टी लावा, तीच लांबी, तीच भोकं, म्हणजे प्लाय दोन पट्ट्यांच्या मधे येईल. भोकांच्या आतल्या कच्च्या लाकडाला बोल्ट घालण्याआधी वॉर्निश पाजा, दोन हात.

---

सुतारपक्षी (रविवार, रात्री ९:५०)

काकांशी सहमत. पट्टी कापून हवी असेल तर बुधवारी कारखान्यावर या दादा, ३ मिमीचे तुकडे पडलेले आहेत. आणि येताना ते रीळ घेऊन या, बघायचंय.